देणी अनेक, पगार एक : आधी कोणाचे फेडावे?

पगार सात तारखेला आणि हप्ता पाच तारखेला. अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आणि बदलापूर, उल्हासनगर किंवा अंबरनाथमध्येच राहणाऱ्या कामगाराच्या कर्जाची कहाणी अनेकदा या दोन दिवसांच्या फरकातून सुरू होते. खात्यात पैसे नसताना हप्त्याची मागणी बँकेत येते, ती परत जाते, एक दंड खाते असलेली बँक लावते आणि दुसरा कर्ज देणारी संस्था. सात तारखेला पगार जमा होतो तेव्हा त्यातून आधी दंड जातो. मग किराणा कमी पडतो, तो कार्डावर घेतला जातो, आणि पुढच्या महिन्यात कार्डाचे बिल भरण्यासाठी कोणाकडून तरी हातउसने आणले जाते. माणूस उधळ्या नसतो, व्यसनीही नसतो. तरीही दोन-तीन वर्षांत त्याच्या डोक्यावर चार-पाच ठिकाणची देणी जमतात.

अशा वेळी पैसे पुरत नाहीत ही अडचण तर असतेच. परंतु जे थोडे पैसे आहेत ते चुकीच्या क्रमाने वाटले जातात, ही त्याहून मोठी अडचण असते. जो दारात येऊन मोठ्याने बोलतो त्याला आधी दिले जाते. जो दिवसातून सहा वेळा फोन करतो त्याला त्यानंतर. आणि जो काहीच बोलत नाही, त्याचे देणे मागे पडत जाते. दुर्दैवाने गप्प बसणारे देणे हेच पुष्कळदा सर्वांत महाग किंवा सर्वांत धोक्याचे असते. कोणत्याही सल्लागाराला शुल्क न देता, घरातल्या घरात, एका वहीवर आखता येणारी परतफेडीची योजना म्हणजे मुख्यतः हा क्रम बदलणे होय.

योजना समजण्यासाठी एक काल्पनिक, पण या परिसरात सहज आढळेल असे कुटुंब घेऊ. नवरा आनंदनगरमधील एका रासायनिक कारखान्यात कामाला, हातात येणारा पगार २८,००० रुपये. बायको उल्हासनगरहून शिलाईचे काम घरी आणते, त्याचे महिन्याला ६,००० रुपये. एकूण ३४,०००. खोलीचे भाडे, किराणा, गॅस, वीज, मुलांची शाळा आणि शिकवणी, रेल्वेचा पास, रिक्षा, औषधे असा सगळा खर्च २४,००० रुपये. म्हणजे देण्यांसाठी उरतात १०,०००.

आता देणी पाहू. क्रेडिट कार्डाची ४८,००० रुपये थकबाकी, व्याज दरमहा साडेतीन टक्के. एका पतपेढीचे कर्ज, शिल्लक मुद्दल १,२०,००० रुपये, व्याज वर्षाला १२ टक्के, हप्ता ४,००० रुपये. या कर्जाला कारखान्यातलेच दोन सहकारी जामीन आहेत. ओळखीच्या एका खासगी सावकाराचे ३०,००० रुपये, दरमहा शेकडा पाच दराने. मोबाइलचा १,५०० रुपयांचा हप्ता, अजून सहा महिने. आणि मेहुण्याकडून मुलीच्या आजारपणात घेतलेले ४०,००० रुपये, बिनव्याजी. बेरीज २ लाख ४७ हजार.

कार्डाची किमान रक्कम २,४००, पतपेढी ४,०००, सावकाराचे व्याज १,५००, मोबाइल १,५००. एकूण ९,४०० रुपये. दहा हजारांतून हे वजा जाता ६०० रुपये उरतात आणि ते कुठे जातात हे कोणालाच सांगता येत नाही. वरवर पाहता हे कुटुंब आपली सर्व देणी वेळेवर भागवत आहे. प्रत्यक्षात काय होते? कार्डाच्या ४८,००० वर महिन्याचे व्याज १,६८० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सुमारे ३०२ रुपये. म्हणजे भरलेल्या २,४०० रुपयांतून मुद्दल कमी होते फक्त ४१८ रुपयांनी. वर्षभर असेच दरमहा २,४०० भरत राहिले, कार्डावर नवी एक पैशाचीही खरेदी केली नाही, तरी २८,८०० रुपये भरून थकबाकी जेमतेम ६,३०० रुपयांनी उतरेल. सावकाराचे तर त्याहून वाईट. वर्षाला १८,००० रुपये देऊनही ३०,००० जिथल्या तिथे. ९,४०० रुपयांतले जवळजवळ निम्मे, म्हणजे साधारण ४,७०० रुपये, निव्वळ व्याज आणि करात जातात.

कार्डाच्या व्याजाविषयी एक गैरसमज अद्याप टिकून आहे. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता आणि त्याची चर्चाही खूप झाली. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यामुळे ३० टक्क्यांच्या मर्यादेचा आधार घेऊन बँकेशी भांडण्यात आता अर्थ उरलेला नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हे गृहीत धरूनच हिशेब करावा लागतो.

वहीचे पहिले पान

योजनेचे पहिले काम म्हणजे सगळी देणी एका पानावर उतरवणे. हे सोपे वाटते, पण घराघरात अडते ते इथेच. नवऱ्याने सावकाराचे बायकोला सांगितलेले नसते, बायकोने भिशीतून उचललेले नवऱ्याला माहीत नसते. प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहाव्यात : आज नेमके किती बाकी आहे, वर्षाला किती टक्के व्याज, हप्त्याची तारीख, तारण काय दिले आहे आणि जामीन कोण आहे. बँका आणि वित्तसंस्थांची नोंद विसरली असेल, तर पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. प्रत्येक कंपनीने तो द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. सावकार, भिशी आणि नातेवाईक त्या अहवालात दिसत नाहीत. ते स्वतःच आठवून लिहावे लागतात.

पान भरले की दोन कामे लगेच करता येतात. कार्ड कपाटात नव्हे, कात्रीखाली जावे. आणि ज्या संस्थांचे हप्ते पगाराच्या आधीच्या तारखांना आहेत त्यांच्याकडे तारीख बदलून १० करण्याचा लेखी अर्ज द्यावा. कायद्याने वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हावे लागते, ते जमा होऊन दोन दिवस गेले की हप्ता जावा. हा अर्ज करणे ही किरकोळ बाब वाटते, पण न वटलेला हप्ता केवळ दंडापुरता थांबत नाही. धनादेश न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होऊ शकते, आणि बँकेतून परस्पर वळत्या होणाऱ्या हप्त्यासाठी तशीच फौजदारी तरतूद २००७ च्या देयक प्रणालीविषयक कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. धनादेश न वटल्याची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली की खटला उभा राहत नाही. ही मुदत मात्र चुकवू नये.

क्रम कसा लावावा

रूढ सल्ला दोन प्रकारचा असतो. काही म्हणतात, सर्वांत लहान देणे आधी संपवा, म्हणजे हुरूप येतो. काही म्हणतात, सर्वांत जास्त व्याजाचे आधी संपवा, म्हणजे पैसे वाचतात. दोन्ही सल्ले पाश्चात्त्य घरांतून आले आहेत, जिथे कर्ज म्हणजे बँक आणि कार्ड. पतपेढीचा जामीनदार आणि बिनव्याजी देणारा मेहुणा त्यांच्या हिशेबात नाही. आपल्याकडे क्रम लावताना व्याजाच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो : हे देणे थकले तर आपल्याशिवाय कोणाचे नुकसान होईल आणि घरातले काय जाईल?

जामीनदाराचे उदाहरण घ्या. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतपेढीने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि तो हरल्यावरच जामीनदाराकडे यावे, असा नियम नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो आणि त्या दाखल्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावे असतात. पतपेढीचा वसुली अधिकारी सावकारासारखा दारात ओरडत नाही. तो काही महिने दोन-तीन पत्रे पाठवतो आणि मग एके दिवशी कारखान्याच्या कचेरीत कागद येतो. तेव्हा कॅन्टीनमध्ये समोर बसून जेवणाऱ्या मित्राच्या पगारावर टाच येते. त्यामुळे १२ टक्के हा या पानावरचा सर्वांत कमी व्याजदर असला तरी पतपेढीचा ४,००० रुपयांचा हप्ता हा न चुकवण्याचा हप्ता आहे.

बदलापूरकडे स्वतःची सदनिका घेतलेल्यांच्या बाबतीत हेच स्थान गृहकर्जाला आहे. नव्वद दिवस हप्ते थकले की खाते अनुत्पादित ठरते, त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि न्यायालयात न जाताही घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. घर आणि जामीनदार या दोन गोष्टी पणाला असलेली देणी नियमित हप्त्याने चालू ठेवावीत. बाकीच्यांना ठरलेले किमान द्यावे. आणि त्यानंतर हातात जो रुपया उरेल तो, अगदी शंभराची नोट असली तरी, सर्वांत महाग देण्याच्या मुद्दलात जावा.

वरच्या कुटुंबात सर्वांत महाग देणे सावकाराचे, वर्षाला साठ टक्के. पहिले सहा महिने उरलेले ६०० रुपये त्याच्याकडे जातील, म्हणजे व्याजासह दरमहा २,१००. सहा महिन्यांनी तीस हजारांचे सुमारे २५,९०० होतील. याच सुमारास दिवाळी आली आणि २०,००० रुपये बोनस मिळाला असे धरू. त्यातले ५,००० अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत, कारण ही गंगाजळी नसेल तर पहिल्याच तापाच्या साथीत योजना मोडते. उरलेले १५,००० सावकाराला. मोबाइलचा हप्ता संपलेला असेल, त्याचे १,५०० रुपयेही याच कामाला लागतील. दहाव्या महिन्यात सावकार मोकळा होतो.

सुटलेले पैसे घरखर्चात विरघळू न देता पुढच्या देण्याला जोडले, तर कार्डाला आता २,४०० ऐवजी ६,००० रुपये जाऊ लागतात. एकोणिसाव्या महिन्यात कार्ड संपते. तेच ६,००० रुपये मेहुण्याकडे वळतात आणि सव्विसाव्या महिन्यापर्यंत त्याचे ४०,००० पूर्ण होतात. दरम्यान पतपेढीचे कर्ज नेहमीच्या हप्त्याने साधारण ३७,००० वर आलेले असते. सगळे १०,००० तिकडे लावले की तिसाव्या महिन्यात तेही फिटते. अडीच वर्षे. या हिशेबात पगारवाढ धरलेली नाही, दुसऱ्या दिवाळीचा बोनसही मुद्दाम धरलेला नाही. अडीच वर्षांत लग्न, बारसे, गावाकडची जत्रा, आजारपण यांपैकी काही ना काही येणारच.

मेहुण्याला दीड वर्षाहून अधिक काळ थांबवणे योग्य आहे का, हा प्रश्न इथे उभा राहतो. हिशेबाच्या दृष्टीने बिनव्याजी पैसा शेवटीच फेडावा. पण नात्यातला पैसा निव्वळ हिशेबाने चालत नाही. त्याच्या घरी जाऊन वही उघडून दाखवणे आणि अमुक महिन्यापासून अमुक रक्कम सुरू होईल असे सांगणे, एवढे केले तर बहुतेक माणसे थांबतात. न सांगता टाळणे, फोन न उचलणे यानेच संबंध तुटतात. त्याच्याही घरात निकड असेल तर योजनेचा क्रम खुशाल बदलावा. मग कार्ड तीन-चार महिने लांबेल, इतकेच.

सावकाराच्या दराबाबत कायदा काय म्हणतो तेही जाणून घ्यावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ आणि इतरांकडून १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, अशी मर्यादा शासनाने त्याच वर्षी घालून दिली. दरमहा शेकडा पाच हा दर त्याच्या तिपटीहून अधिक आहे. परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालयातून हुकूमनामाही मिळत नाही. तक्रार करायची ती सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे, आणि धमकी असेल तर पोलिसांकडे. तक्रार करायची की गुपचूप फेडून मोकळे व्हायचे, हा निर्णय ज्याचा त्याने, गल्लीत राहायचे आहे हे ध्यानात घेऊन करावा. पण प्रत्येक वेळी दिलेल्या पैशाची पावती, निदान वहीवर सही, मागण्यात कसलाही कमीपणा नाही. कोरे धनादेश आणि कोऱ्या मुद्रांकावरच्या सह्या कधीही देऊ नयेत. आधी दिल्या असतील तर त्यांची यादी वहीत असावी.

सोने आहे, मग विकावे का?

या हिशेबाला एक जवळची वाट आहे आणि ती बहुतेक मराठी घरांत असते : बायकोच्या अंगावरचे किंवा कपाटातले सोने. कार्डाचे ४८,००० आणि सावकाराचे ३०,००० मिळून ७८,००० रुपये बँकेकडून सोनेतारणावर वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास मिळाले, तर महिन्याचे व्याज सुमारे ६५० रुपये होते. आज या दोन देण्यांवर व्याज आणि कर मिळून ३,४८० रुपये जात आहेत. म्हणजे महिन्याला २,८०० रुपयांचा फरक, आणि तो थेट मुद्दल उतरवायला वापरता येतो.

हिशेब आकर्षक आहे, पण दोन अटींवरच. पहिली, ते स्त्रीधन आहे. ज्या बाईचे ते आहे तिने वही पाहून आपखुशीने होकार दिला पाहिजे. दुसरी, ज्या दिवशी पैसे मिळतील त्याच दिवशी कार्ड बंद करण्याचा अर्ज जावा आणि सावकाराकडचे कागद परत यावेत. कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही व्हावी, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात. या अटी पाळल्या नाहीत तर कार्ड रिकामे होते आणि वर्षभरात पुन्हा भरते. मग कार्डही थकलेले आणि सोनेही लिलावाच्या यादीत. जुनी कर्जे एकत्र करून देणाऱ्या नव्या वैयक्तिक कर्जालाही हीच सावधगिरी लागू आहे.

उत्पन्नच पुरत नसेल तर

आतापर्यंतचा हिशेब १०,००० रुपये उरतात असे धरून झाला. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, कंत्राटी कामगाराला घरी बसवले किंवा शिलाईचे काम आटले की किमान हप्तेही निघत नाहीत. अशा वेळी बहुतेक माणसे जे करतात ते म्हणजे फोन बंद ठेवणे. हप्ता चुकण्यापूर्वी दिलेला अर्ज आणि तीन हप्ते चुकल्यानंतर दिलेला अर्ज यांत मोठा फरक आहे. पहिल्या वेळी व्यवस्थापकाला मुदत वाढवून हप्ता लहान करण्याची मोकळीक असते. दुसऱ्या वेळी प्रकरण त्याच्या हातून वसुली विभागाकडे गेलेले असते. अर्ज एक पानाचा असावा : उत्पन्न किती घटले, घरखर्च किती, देणी कोणकोणती, आणि आपल्याला दरमहा नेमके किती देता येतील. पगाराची चिठ्ठी जोडावी, पोच घ्यावी. शक्य नाही असा आकडा लिहून देऊ नये. दोन महिन्यांत मोडणारे वचन हे वचन न देण्यापेक्षा वाईट दिसते. उशिराबद्दल बँक किंवा वित्तसंस्था दंड लावू शकते, परंतु १ एप्रिल २०२४ पासून तो दंडव्याज म्हणून आकारता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही.

धाकदपटशाला मात्र दबण्याचे कारण नाही. बँका आणि वित्तसंस्थांच्या वसुली एजंटांनी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, शिवीगाळ करू नये, नातेवाईक किंवा मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तक्रार आधी त्या बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. पतपेढ्या मात्र या यंत्रणेत येत नाहीत, त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख असते.

कर्ज फिटले नाही म्हणून तुरुंगात जावे लागेल, ही भीती एजंटांच्या फार उपयोगी पडते. फसवणूक आणि न वटलेला धनादेश या गोष्टी वेगळ्या. परंतु केवळ ऐपत नाही म्हणून देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले आहे. दावा होऊन हुकूमनामा झाला तरी संपूर्ण पगार जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित असतो. २८,००० पगारावर हा हिशेब केला तर जास्तीत जास्त ९,००० रुपये जप्त होऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही.

शिवाय न्यायालय हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी भरण्याची सवलत देऊ शकते. त्याच संहितेच्या विसाव्या आदेशात तशी तरतूद आहे. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो आजूबाजूला पसरला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि रक्कम हप्त्यांनी बांधून देण्याचा अधिकार मिळाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. आज हप्ते बांधून घेण्याची अधिक सोपी जागा म्हणजे लोकअदालत. कल्याण न्यायालयात ती भरते, दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही तिथे ठेवता येते, शुल्क लागत नाही आणि झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा दर्जा असतो. तिथे जातानाही खिशात वहीच हवी.

नादारीचा मार्ग मात्र कागदावरच अधिक आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी लहान कर्जदारांसाठी, म्हणजे वर्षाचे उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत आणि देणी ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी, नव्याने सुरुवात करण्याची तरतूद लिहिलेली आहे. सामान्य व्यक्तींसाठी ती अजून अमलात आलेली नाही. त्यामुळे मुंबई शहरातल्या माणसाला १९०९ चा आणि अंबरनाथच्या माणसाला १९२० चा नादारी कायदा, अशी शंभर वर्षांपूर्वीचीच स्थिती कायम आहे.

तडजोडीचा मोह

हप्ते बरेच महिने थकले की बँकेकडूनच फोन येतो : साठ हजारांऐवजी पस्तीस भरा, प्रकरण मिटवू. ज्याच्याकडे खरोखरच दुसरा मार्ग नाही त्याच्यासाठी ही सोय आहे. परंतु अशा कर्जाची नोंद पतअहवालात पूर्ण फेडीची न होता तडजोडीची होते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. तडजोडीनंतर किमान बारा महिने तीच संस्था नवे कर्ज देणार नाही, असे रिझर्व्ह बँकेचे जून २०२३ चे धोरण आहे. म्हणून ज्याचे हप्ते कसेबसे का होईना चालू आहेत त्याने तडजोडीच्या आशेने ते थांबवू नयेत. आम्ही तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो, तोवर हप्ते भरू नका, पैसे आमच्याकडे जमा करा, असे सांगणाऱ्या कंपन्यांपासून तर दूरच राहावे. थकबाकी वाढते कर्जदाराची आणि शुल्क आधी सुटते त्यांचे. तडजोड करायचीच असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि उरलेली बाकी सोडल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. आणि भरायचा तो संस्थेच्या खात्यात, एजंटाच्या हातात किंवा त्याच्या मोबाइल क्रमांकावर नव्हे.

देणे फिटल्यावरचे काम लोक हमखास विसरतात. शेवटचा हप्ता गेला की बेबाकीचा दाखला मागावा, दिलेले कोरे धनादेश परत घ्यावेत, बँकेतून वळते होणाऱ्या हप्त्याचा आदेश रद्द करावा. घराचे मूळ कागद कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून नोंद बदलली की नाही ते पाहावे, नसल्यास दाखल्याची प्रत जोडून दुरुस्ती मागावी. पतपेढीच्या दाखल्याच्या दोन प्रती जास्त काढाव्यात आणि जामीन राहिलेल्या त्या दोन सहकाऱ्यांच्या हातात नेऊन द्याव्यात. त्यांच्यापैकी एखाद्याला उद्या स्वतःसाठी कर्ज हवे असेल, तेव्हा त्याला तोच कागद लागणार आहे.